शेततळ्यातले मासे आणि चाकणची नोकरी

या वेळचे पत्र करमाळा तालुक्यातील एका सव्वीस वर्षांच्या वाचकाचे आहे. प्राणिशास्त्र घेऊन ते बी.एस्सी. झाले असून गेली तीन वर्षे चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी नोकरी करतात. गावी घरच्या शेतात चौतीस मीटर लांब आणि तितकेच रुंद, प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे आहे. त्याचे पाणी उन्हाळ्यात डाळिंबाला जाते. नोकरी सोडून गावी यावे, बायोफ्लॉकच्या, म्हणजे जिवाणूंच्या मदतीने दाटीने मासे वाढवण्याच्या, चार टाक्या बसवाव्यात आणि शेततळ्यातही मासे सोडावेत, असा त्यांचा विचार आहे. कर्जाची चौकशी त्यांनी करून ठेवली आहे. वडिलांचा मात्र ठाम विरोध आहे. ‘हे आपले काम नव्हे, आणि माझ्या गळ्यात माळ आहे,’ एवढेच ते म्हणतात. पत्राच्या शेवटी तीन प्रश्न आहेत: नोकरी सोडावी का, या क्षेत्रात नोकऱ्या असतात का आणि त्यासाठी वेगळी पदवी लागते का, आणि वडिलांना काय सांगावे?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात टाक्यांच्या किमती, अनुदानाची टक्केवारी आणि दर टाकीमागे मिळणारे अपेक्षित उत्पन्न हे सर्व व्यवस्थित मांडलेले आहे; पण मासे पाळणारा माणूस दिवसभर नेमके काय करतो, याविषयी त्या चार पानांत एकही ओळ नाही. तुम्ही आजवर एकाही मत्स्यशेतावर रात्र काढलेली नाही, असा माझा त्यावरून तर्क आहे. तो खरा असेल, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: चाकणची नोकरी सोडायची असेल तर सोडा, परंतु ती दुसऱ्याच्या तळ्यावर वर्षभर पगारी काम करण्यासाठी सोडा, स्वतःच्या नावावर कर्ज काढून टाक्या बसवण्यासाठी आत्ता सोडू नका.

या कामाचा दिवस पहाटे चार-साडेचारला सुरू होतो आणि त्यामागे कारण आहे. दिवसा पाण्यातले हिरवे शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारा गाळ असे सगळे मिळून रात्रभर तो वापरत राहतात. त्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो सूर्योदयाच्या आधीच्या तासात. लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या वर तो असला की निर्धास्त राहावे. 3 च्या खाली गेला की रोहू-कटला वर येऊन तोंडे उघडून हवा घेऊ लागतात. मीटर नसलेल्या जुन्या माणसांना हे बगळ्यांवरून कळते. एरवी तळ्याभोवती विखुरलेले बगळे ज्या पहाटे काठावर एका रांगेत येऊन उभे राहतात, त्या पहाटे पाण्यात काहीतरी बिघडलेले असते.

मी हे शिकलो ते नुकसान करून. मत्स्यशेतावरच्या माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, श्रावणात, सलग तीन दिवस आभाळ भरून राहिले होते. ऊन नसल्यामुळे शेवाळाने प्राणवायू केलेला नव्हता, तरीही वहीत लिहिले आहे म्हणून मी रोजच्याइतकेच खाद्य टाकत राहिलो. तिसऱ्या रात्री वीज गेली. जनरेटर होता, पण त्यात डिझेल नव्हते, आणि ते संध्याकाळी पाहायचे काम माझे होते. सकाळी आम्ही सहा जण दुपारपर्यंत मेलेले मासे टोपल्यांनी बाहेर काढत होतो. मालक एक शब्दही बोलले नाहीत, आणि ते मला आजही बोलणी खाण्यापेक्षा जड वाटते. हा धडा मला दुसऱ्याच्या पैशावर आणि पगार घेत मिळाला; तुम्ही योजल्याप्रमाणे केलेत तर तोच तुम्हाला बँकेच्या हप्त्यांवर मिळेल.

पहाटेची फेरी झाली की मेलेले मासे असल्यास ते मोजून काढायचे आणि वहीत नोंद करायची. खाद्य ऊन चढल्यावर, साधारण आठ-नऊच्या पुढे, कारण प्राणवायू कमी असताना मासे खात नाहीत आणि खाल्ले तरी त्यांना पचत नाही. तरंगत्या खाद्याचा फायदा असा की पंधरा-वीस मिनिटांत किती संपले ते डोळ्यांना दिसते. उरले तर उद्या कमी करायचे. खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के द्यायचे असते, आणि ते एकूण वजन कळावे म्हणून दर पंधरा दिवसांनी जाळे टाकून तीस-चाळीस मासे तोलावे लागतात. पाण्याची हिरवाई पाहण्याची एक साधी रीत आहे: हात कोपरापर्यंत सरळ बुडवावा, तळहात जेमतेम दिसेनासा झाला की शेवाळ बेताचे आहे, मनगटाच्या आतच दिसेनासा झाला की ते माजले आहे आणि त्या रात्री झोपायचे नाही. दुपारी पाण्याचा सामू (पीएच) आणि अमोनिया तपासणे, जाळी शिवणे, खाद्याची पोती ओलीपासून जपणे, कारण बुरशी लागलेले खाद्य माशांच्या यकृतावर जाते. चार वाजता दुसरे खाद्य. मासे काढायचे असतात तेव्हा रात्री दोनला पाण्यात उतरावे लागते. बाजार उजाडायच्या आत भरतो आणि बर्फ व मासे समप्रमाणात भरायला वेळ लागतो. तुमच्यापासून भिगवणचा मासळी बाजार फार लांब नाही. एकदा लिलावाच्या वेळी तिथे जाऊन उभे राहा, कोणता मासा किती वजनाचा असला की त्याला काय भाव मिळतो ते लिहून घ्या. उजनी जलाशयातल्या चिलापीशी भावात स्पर्धा करणे तुमच्या टाकीतल्या चिलापीला का जड जाईल, हे तिथे अर्ध्या तासात कळेल.

आता बायोफ्लॉकबद्दल. ही पद्धत खोटी नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निघणारा अमोनिया जिवाणूंनी वापरावा म्हणून पाण्यात गूळ किंवा मळीच्या रूपाने कार्बन घालायचा, पाणी सतत ढवळत आणि हवा सोडत ठेवायचे, आणि जिवाणूंचे जे पुंजके तयार होतात ते माशांनी खायचे, असा तिचा गाभा आहे. मात्र चार मीटर व्यासाच्या टाकीत मासे दाटीने भरलेले असतात, आणि पाण्यातले जिवाणूही माशांच्याच जोडीने प्राणवायू खात असतात. हवा थांबली की तासाभरात मासे जातात, कधी त्याहूनही लवकर. शेतीपंपाच्या वाहिनीवर वीज दिवसातले साधारण आठ तासच येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे घरची सिंगल फेज जोडणी, इन्व्हर्टर, जनरेटर आणि त्यांच्याजवळ चोवीस तास झोपणारा एक जागरूक माणूस हे चारही तुमच्या हिशेबात हवेत, आणि पत्रातल्या हिशेबात यांपैकी एकही नाही. पंगस हवेतूनही श्वास घेऊ शकतो म्हणून तो थोडी कळ काढतो. चिलापी तेवढी काढत नाही. इंटरनेटवर जे व्हिडिओ पाहून तुम्ही आकडे घेतलेत ते टाकी भरतानाचे आणि मासे काढतानाचे असतात; मधल्या सहा महिन्यांचे चित्रण कोणी करत नाही, आणि त्यांतले काही जण मासे विकण्यापेक्षा टाक्या आणि प्रशिक्षणच जास्त विकतात.

अनुदानाविषयी थोडक्यात: 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींना 60 टक्के साहाय्य ठरलेले आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, या दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत. पण अनुदानाने तोटा भरून निघत नाही, तो फक्त थोडा उशिरा लक्षात येतो. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन चौकशी जरूर करा, अर्ज वर्षभराने करा.

तुमच्या शेततळ्याचा हिशेब आपण एकदा कागदावर करू. चौतीस गुणिले चौतीस म्हणजे 1,156 चौरस मीटर, सुमारे साडेअकरा गुंठे, आणि तेही काठोकाठ भरलेले असताना. बाजू उतरत्या असल्यामुळे पाणी खाली गेले की क्षेत्र झपाट्याने आक्रसते. गुंठ्याला पन्नास-साठ या बेताने सहाशे-साडेसहाशे बोटुकल्या (बोटाएवढी पिल्ले) सोडल्या, पाचशे जगल्या आणि दहा-बारा महिन्यांत सरासरी आठशे ग्रॅमच्या झाल्या, तर चारशे किलो मासे. समजा, जागेवर किलोला 110 रुपये मिळाले, तर 44,000 रुपये. किलोभर माशाला पावणेदोन किलो खाद्य धरले तर खाद्य सातशे किलो, आणि ते 45 रुपयांनी धरले तर 31,500 रुपये. उरलेल्या साडेबारा हजारांतून बीज, चुना, जाळे आणि मजुरी वजा करा. भाव तुम्ही आजचे घाला, पण ताळेबंदाचा आकार फारसा बदलणार नाही. या तळ्यावर एक घर चालत नाही.

त्यातच दुसरी अडचण अशी की मासे सर्वांत मोठे, म्हणजे पाण्याची आणि प्राणवायूची गरज सर्वांत जास्त असलेले होतात ते मार्च ते मेमध्ये, आणि नेमके तेव्हाच तुमचे वडील डाळिंबासाठी पाणी उपसत असतात. मासे आणि बाग एकाच पाण्यावर भांडतील, आणि त्या भांडणात मी बागेच्या बाजूने आहे. शिवाय प्लास्टिकचे अस्तर असल्यामुळे तळाशी माती नाही. मातीच्या तळ्यात वरच्या थरात कटला, मधल्या थरात रोहू आणि तळाशी मृगळ आपापले नैसर्गिक अन्न शोधतात, तशी सोय इथे फार थोडी, म्हणून जवळजवळ सगळा भार विकतच्या खाद्यावर पडतो.

मग त्या तळ्याचे काही करता येणार नाही का? येईल, आणि माझ्या मते ते काम तुमच्या परिस्थितीला अधिक शोभेल. रोहू, कटला, मृगळ हे भारतीय कार्प मासे पावसाळ्यात वितात. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी त्यांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणले (दरवर्षी 10 जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच), आणि तेव्हापासून नदीतून बीज गोळा करण्याची गरज संपत गेली. आज उबवणी केंद्रातून जून ते ऑगस्टमध्ये मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच उबलेली पिल्ले, आणि त्यांपासून वाढवलेले इंचभर मत्स्यबीज मिळते; पण तळ्यात किंवा जलाशयात सोडायला हवी असते बोटाएवढी बोटुकली, कारण लहान बीज मोठे मासे खाऊन टाकतात. इंचभराचे बीज घेऊन ते दोन-तीन महिने सांभाळून तीन-चार इंचांचे करणे आणि जिवंत विकणे, हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला पाणी लागते ते जुलै ते ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे तुमचे तळे भरलेले असताना, आणि बागेला पाणी लागायच्या आत ते माशांपासून मोकळे होते. हेक्टरी दोन-तीन लाख बीज सोडण्याची रीत आहे. तुमच्या तळ्यात त्या मानाने पंचवीस-तीस हजार बसेल, परंतु पहिल्या वर्षी पंधरा हजारांच्या वर जाऊ नका. त्यातले साठ-सत्तर टक्के जगले तर काम जमले असे समजा. वरून पक्ष्यांसाठी जाळी लागेल. बेडूक, पाणसाप आणि खंड्या यांना तुमच्या कर्जाशी देणेघेणे नसते. गिऱ्हाईक मात्र आधी शोधा: आसपासचे शेततळेवाले किती आणि जलाशयावरच्या मच्छीमार संस्था बीज कुठून आणतात, हे विचारून घेतल्याशिवाय एक पिशवीही आणू नका.

हेही सर्व वर्षभर काम शिकल्यानंतर. ते कुठे शिकायचे, हा तुमचा दुसरा प्रश्न. बी.एफ.एस्सी. ही चार वर्षांची पदवी रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर आणि उदगीर येथील शासकीय महाविद्यालयांत बारावी विज्ञानानंतर मिळते, आणि शासनाच्या मत्स्यव्यवसाय विभागातल्या अधिकारी पदांसाठी किंवा मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत पुढे शिकण्यासाठी साधारणतः तीच पायरी धरली जाते. सव्विसाव्या वर्षी पुन्हा बारावीच्या रांगेत उभे राहा, असे मी म्हणणार नाही. खासगी क्षेत्रात मात्र प्राणिशास्त्राच्या पदवीला दारे बंद नाहीत. उबवणी केंद्रे, जलाशयात जाळीच्या पिंजऱ्यांत मासे वाढवणारे प्रकल्प, खाद्य कंपन्यांचे तालुक्या-तालुक्यांत फिरणारे तांत्रिक प्रतिनिधी, पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळा, शोभिवंत माशांची केंद्रे आणि पालघर-रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची कोळंबी शेते, इतक्या ठिकाणी माणसे लागतात. खाद्य कंपनीतला माणूस महिन्यात पन्नास तळी पाहतो, त्यामुळे त्याचे ज्ञान रुंद होते. शेतावरचा माणूस एकच तळे तीनशे दिवस पाहतो. तुम्हाला पुढे स्वतःचे काम करायचे आहे, म्हणून मी दुसरे निवडेन.

कोळंबीचे शेत ही सर्वांत कडक शाळा आहे. 2009 मध्ये भारतात आलेली वनामी कोळंबी साधारण चार महिन्यांत तयार होते, दिवसातून चार-पाच वेळा खाद्य, प्रत्येक वेळी तपासणीचे ताट पाण्यातून वर काढून किती खाल्ले ते पाहणे, रात्रभर एरेटरची (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राची) राखण, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर आठवड्याभरात सारे संपते. परदेशी पाठवलेला माल परत येऊ नये म्हणून कोणती औषधे मुळीच वापरायची नाहीत, हेही तिथे अंगवळणी पडते. गोड्या पाण्याची शिस्त त्या मानाने सैल असते. मात्र तुम्हाला बीज वाढवायचे असल्याने वर्षाची विभागणी अशी करा, असे मी सुचवेन: पावसाळ्याचे महिने एखाद्या कार्प उबवणी केंद्रावर आणि त्यानंतरचा एक हंगाम कोळंबीच्या किंवा पिंजऱ्याच्या शेतावर. सुरुवातीचा पगार चाकणपेक्षा कमी असण्याचीच शक्यता आहे. राहणे-जेवण शेतावर मिळते का, भविष्य निर्वाह निधी कापतात का, आठवड्याची सुट्टी कागदावर आहे की खरोखर आहे, आणि हंगामअखेरची बक्षिसी उत्पादनावर देतात की मालकाच्या मर्जीवर, हे चार प्रश्न रुजू होण्यापूर्वी विचारा. ज्या व्यवस्थापकाला हे प्रश्न आवडत नाहीत त्याच्याकडे जाऊ नका. जाळे कसे फेकायचे हे तिथल्या भोई किंवा कोळी कामगाराकडून शिका, आणि शिकताना पदवी खिशात ठेवा. पाण्याविषयी त्याला जे दिसते ते मीटरला दिसायला वेळ लागतो.

आता वडिलांविषयी. त्यांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही पत्रात त्या एकत्र करून ‘जुने विचार’ म्हणून बाजूला ठेवल्या आहेत, हे मला बरोबर वाटले नाही. ‘आपले काम नव्हे’ यात जातीची जुनी विभागणी बोलते आहे. तिला उत्तर काळानेच दिलेले आहे आणि तुम्ही वर्षभर काम करून पगार घरी आणलात की तेही द्याल. माळेचे तसे नाही. पंढरीची वारी करणाऱ्या, मासळी वर्ज्य मानणाऱ्या माणसाच्या दारात, त्याच्याच तळ्यात, मारण्यासाठी जीव वाढवायचे, हे त्यांना सहन होणार नसेल तर तो अडाणीपणा नाही. बोटुकल्या जिवंत विकल्या जातात, त्यामुळे घरी मासा मारला जाणार नाही, एवढे तुम्ही खरेपणाने सांगू शकता. पण त्या पुढे कोणाच्या तरी ताटात जाणारच आहेत, हेही त्यांना माहीत आहे आणि ते लपवण्याचा प्रयत्न केलात तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वास जाईल. शोभिवंत माशांचा मार्ग या दृष्टीने निर्मळ आहे. त्याची बाजारपेठ मात्र पुण्या-मुंबईकडे, आणि मालाची ने-आण नाजूक. तळे त्यांच्या नावावर असेल तर अखेरचा शब्द त्यांचा, आणि तो नकाराचा आला तर ही विद्या घेऊन तुम्ही दुसऱ्याच्या तळ्यावर व्यवस्थापक होऊ शकता. अनेक चांगली माणसे आयुष्यभर तेच करतात आणि त्यात कमीपणा नाही. मीही त्यांतलाच एक.

आणखी एक गोष्ट, तिचा तुमच्या प्रश्नांशी थेट संबंध नसला तरी. प्लास्टिकच्या तळ्याचा उतार ओला झाला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. आजच काठाला चार ठिकाणी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा, एक हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा, आणि कुंपण नसेल तर ते टाक्यांच्या आधी करा. खाद्य टाकायला किंवा जाळे ओढायला कोणीही एकट्याने तिथे उतरू नये.

राजीनामा देण्यापूर्वी एक काम चाकणला राहूनच करता येईल. एका उभ्या काठीवर फुटाच्या खुणा करून ती तळ्यात रोवा, आणि आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी गावी जाल तेव्हा पाण्याची खोली, पहाटे पाच आणि दुपारी तीनचे पाण्याचे तापमान, आणि हात बुडवून दिसणारी हिरवाई लिहून ठेवा. तुम्हाला जमणार नाही त्या महिन्यात वडिलांना विचारा. पाणी किती उरले हे त्यांना काठीशिवायही सांगता येईल. पुढच्या मेपर्यंतची ती वही मला पाठवा, म्हणजे तळ्यात किती बीज सोडायचे आणि ते कोणत्या आठवड्यात काढायचे, हे आपण त्या आकड्यांवरून ठरवू.